धुक्याची भिंत

मातीच्या फरशांवर डोंगर उठवणं म्हणजे बाईंच्या डाव्या हातचा मळ, असं लोक म्हणत. पण आता तो डावा हातच वर जात नव्हता. खांदा धरला होता, गुडघे तर केव्हाचे रुसून बसले होते. अशात इस्पितळाच्या दर्शनी भिंतीसाठी अख्खी दरी करून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि आता पस्तावत होत्या.

ती दरी त्यांना पाठ होती. दरवर्षी एकट्या जायच्या, दिवसभर कड्यावर बसायच्या, चित्रं काढून आणायच्या आणि मग वर्षभर त्या शिदोरीवर काम चालायचं. यंदा जाणं झालं नाही. आठवणीतून करायला घेतलं, तर डोंगर मिठाईच्या खोक्यावरच्या चित्रासारखे गुळगुळीत यायला लागले. बाई ते मोडून पुन्हा पाण्याच्या बादलीत टाकत. शेवटी त्या नुसत्याच स्टुलावर बसून राहू लागल्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे नणंद. बाईंचे यजमान कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं या थोरल्या बहिणीनं केलं. बाई दरीवर जायच्या तेव्हा उशाशी तीच असायची. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, फक्त बाई परत आल्या की भांडी जरा जोरात आपटायची. आता भाऊ गेला होता आणि दोघी एकमेकींच्या वाट्याला उरल्या होत्या.

एका सकाळी नणंदेनं चपला घातल्या आणि आपण दरी बघून येतो, येऊन सांगू काय दिसलं ते, म्हणाली. बाईंनी अडवलं नाही. अडवायलाही अंगात जोर लागतो.

ती परतली तेव्हा दिवस कलला होता. केस ओलसर होते, पदर चिकटला होता. बाईंनी पाणी दिलं आणि काय पाहिलं ते विचारलं.

"काही नाही. नुसतं धुकं. हात पुढे केला तर हात दिसेना."

"मग लगेच निघायचं ना, वन्सं."

"बसले." नणंदेनं भांडं खाली ठेवलं. "मला वाटायचं, तू तिथे मजा मारायला जातेस. आज कळलं. तिथे कुणी हाक मारत नाही गं."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. भाऊ गेला तेव्हाही ती रडली नव्हती, माणसांची उठबस करत राहिली होती. बाई शेजारी बसल्या. चूक झाली, असं म्हणावंसं त्यांना वाटत होतं. त्यांनी नणंदेची पाठ चोळली, दुखऱ्या हातानं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धुकंच करायला घेतलं. डोंगर नाहीत, झाडं नाहीत. फरशांवर बोटांनी दाबलेले हलके चढउतार, वर दुधी ग्लेझचा काचेसारखा थर, आणि एका कडेला, जिथे माणूस बसेल, तिथे थोडी उघडी करडी माती. माती मळायला नणंद बसली. भट्टीतून निघालेल्या काही फरशा वाकल्या होत्या, त्याही तशाच घेतल्या.

इस्पितळाचे व्यवस्थापक बराच वेळ बघत राहिले. मग डोंगर कुठे आहेत, म्हणून त्यांनी अदबीनं विचारलं.

"आहेत की. मागे," नणंद म्हणाली.

त्यांना ते पटलं नाही. भिंत दर्शनी दालनात लागली नाही, तर आतल्या बाजूला, नातेवाईक ताटकळत बसतात त्या बोळात लागली. बाईंना राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. बसवण्याचं काम संपलं तेव्हा बाकावरचा एक माणूस त्या गार फरशांना डोकं टेकून गाढ झोपला होता. त्याला उठवू नका, असं कारागिराला खुणेनं सांगून दोघी बाहेर पडल्या.

वाटेत नणंद म्हणाली, "मी पुन्हा जाणार आहे. तू येतेस?"

"माझ्यानं नाही व्हायचं आता."

"मग तू घर सांभाळ."

त्यात टोमणा होता की नाही, ते बाईंना कळलं नाही. होता, तरी तो तिच्या हक्काचा होता.

नणंद दरीवर निघाली त्या सकाळी फाटकाची कडी वाजली. बाईंना जाग आली. कामाचं काहीच नव्हतं. त्यांनी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.