मांडीवरची माणसं

सिद्धोधनने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर यादी लिहिली आणि मोठ्या खुशीत वाचून दाखवली.

"मी, तू, आई, माधवीताई, धम्मानंददाजी, दत्तरावमामा अन् सगुणामामी. सात! गाडीत सीटा सात, आपण सात. निघालो आपण नेपाळला!"

"आणि लेकरं?" संघप्रियाने विचारलं. दहा महिन्यांचा सुजात तिच्या कडेवर होता. सहा वर्षांची विशाखा खाली बसून बॅगेत बाहुली कोंबत होती.

"लेकरं काय यादीत लिहायची असतेत का? मांडीवर बसतेत की!"

त्यांची दोन आणि माधवीताईची दोन, अशी ती चार लेकरं. म्हणजे गाडीत अकरा जीव. पण परभणीच्या त्या घरात ही बेरीज कोणी करत नव्हतं. खरं सांगायचं तर, आपल्यापैकी तरी कोण करतं?

बेत मोठा सुंदर होता. बुद्धांचा जन्म झाला त्या लुंबिनीत वैशाख पौर्णिमेला असायचं. सासूबाई धम्मशीलाबाईंनी आयुष्यभर जपलेली ही एकच इच्छा होती. त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते. पुढच्या वर्षी आपल्याला उठता तरी येईल का, असं त्या अधूनमधून म्हणायच्या. म्हणूनच ताडकळसच्या शाळेत लिपिक असलेल्या सिद्धोधनने हौसेने जुनी सात सीटांची गाडी घेतली होती. लुंबिनीहून पुढे पोखराही करायचं त्याने ठरवलं होतं.

"चौदाशे किलोमीटर तर हाय बॉर्डर. दीड दिवसात मारतो," तो म्हणायचा.

"एकटे चालवणार? आणि पुढचा डोंगराचा रस्ता?"

"जिंतूरचा घाट चढलोय की मी! डोंगर तो डोंगर."

संघप्रियाचं काही समाधान झालं नाही. एका दुपारी सुजातला झोपवून ती गाडीजवळ गेली. मागच्या सीटचे पट्टे शोधू लागली. सिद्धोधनने नवी रेक्झीनची कव्हरं शिवून घेतली होती, अगदी चकचकीत. पट्टे त्या कव्हरांच्या खाली गाडले गेले होते. तिने शिवणीत बोटं घालून ओढून पाहिलं. एक नख तुटलं, रक्त आलं, पण पट्टा काही निघाला नाही. पुढच्या सीटला तर त्याहून मोठी हुशारी केलेली होती. पट्टा न लावता गाडीचा ओरडा बंद करायचा म्हणून नुसतं एक बक्कल खोचून ठेवलेलं! गाडी बिचारी समजायची, माणसाने पट्टा लावलाय. माणूसही तसंच समजायचा.

ती तिथेच सीटवर बसून राहिली. काय करावं? कोणाला सांगावं?

त्याच दिवशी तिने धीर करून नणंदेला, माधवीताईला, फोन लावला. "ताई, चार लेकरं मांडीवर घेऊन एवढ्या लांब, परक्या देशात, डोंगरातून..."

"अगं, आमी काय लेकरं वाढवली न्हाईत का?" माधवीताई फणकारली. "काळ्या-पिवळ्या जीपमधी पंधरा-पंधरा जणं जायचो आमी. मोबाईलवर बघून बघून लय शहाणी झालीस तू. का आमीच जड झालोत तुला? तसं सांग ना सरळ!"

संघप्रियाने फोन ठेवला. पाहुण्यांना गाडीत जागा नाही म्हणणं म्हणजे आपल्याकडे दारातून परत पाठवण्यासारखंच. कोणी तोंडातून तो शब्द काढत नाही. "बसू थोडं सरकून," जो तो म्हणतो आणि सरकत सरकत लेकरं मांडीवर जातात.

मग तिने शेवटचा उपाय करून पाहिला. "मी येत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी अन् सुजात घरीच राहतो."

"राहा. पण विशाखा येणार. आज्जीला शब्द दिलाय तिनं," सिद्धोधन म्हणाला. तो रागावला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. त्याला खरंच काही कळत नव्हतं. आपण घरी राहिलो तरी विशाखा कोणाच्या तरी मांडीवर बसून त्या दऱ्यांच्या कडेने जाणारच, हे कळल्यावर संघप्रिया स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजाआड रडली.

निघायला चार दिवस उरले होते. रस्ता विचारावा म्हणून सिद्धोधनने वालूरच्या बजरंगला घरी बोलावलं. बजरंगने वीस वर्षं यात्रेच्या गाड्या चालवल्या होत्या. नेपाळात तो कितीतरी वेळा जाऊन आला होता.

चहा पीत पीत तो सांगू लागला, "बॉर्डरवर गाडीचा परवाना काढावा लागतो, त्याला तिकडं भन्सार म्हणतेत. सगळ्यांची ओळखपत्रं पाहिजेत, लेकरांची सुद्धा. पोखराच्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, अन् कुठं माती खाली आलेली असती. अन् भाऊ, चालवणारे दोन पाहिजेत. एकट्याचं काम न्हाई ते. बरं, माणसं किती?"

"सात," सिद्धोधन म्हणाला.

"अकरा!"

सगळ्यांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात संघप्रिया उभी होती. ती पुन्हा म्हणाली, "अकरा आहेत, बजरंगभाऊ. चार लेकरं आहेत. यांच्या यादीत ती नाहीत."

"ती मांडीवर—" सिद्धोधन हसत म्हणायला लागला.

बजरंग हसला नाही. त्याने कप खाली ठेवला. "वहिनी, हे बाळ किती किलोचं?"

"साडेनऊ. परवाच डोस दिला, तेव्हा वजन केलं."

"तेवढी ज्वारी भरा एका पिशवीत. अन् भाऊ, तुमी चला माझ्यासंगं."

घरासमोर नव्या प्लॉटिंगचा सरळ, मोकळा रस्ता होता. धम्मशीलाबाई काठी टेकत दारात आल्या. विशाखा त्यांच्या पदराला धरून उभी राहिली. बजरंग चालवायला बसला. शेजारी सिद्धोधन, मांडीवर ज्वारीची पिशवी.

"पयलं ते खोटं बक्कल काढा अन् खरा पट्टा लावा," बजरंग म्हणाला. "आता ही पिशवी म्हणजे तुमचा सुजात. धरा कसं धरायचं तसं."

"हे बघा, असं!" सिद्धोधनने पिशवी छातीशी घेतली. "बापाचे हात हायत हे. बेल्टबिल्ट काय करतो याच्यापुढं?" त्याने एक हात सोडून दारातल्या विशाखाला टाटा केला. गाडी सुटली. रस्त्याच्या टोकाला जाऊन वळली, परत येऊ लागली. सिद्धोधन पोखराच्या तळ्याबद्दल काहीतरी सांगत होता.

आणि बजरंगने करकचून ब्रेक दाबला!

पट्ट्याने सिद्धोधनला जागीच आवळलं. पिशवी मात्र त्याच्या हातातून अशी निसटली, की ती गेलेली त्याला कळलीच नाही. ती डॅशबोर्डवर आपटली, शिवण उसवली, आणि ज्वारी काचेवर, त्याच्या पायात, सगळीकडे सांडली.

गाडी दारासमोर येऊन थांबली होती.

"मी तयार नव्हतो," सिद्धोधन शेवटी म्हणाला. "सांगून तरी दाबायचा ना ब्रेक!"

"म्हैस काय सांगून आडवी येती व्हय, भाऊ?" बजरंग शांतपणे म्हणाला. "मांडीवर लेकरू घेऊन बसलेला कोण तयार असतो? गप्पा मारत असतो, डुलकी घेत असतो. अन् मी पस्तीसच्या वर गेलो न्हाई. कशाला धडकलो बी न्हाई. माया लय असती हो हातात. पण मायेला एवढं बळ नसतं."

इतक्यात विशाखा धावत आली. तिने उघड्या दारातून आत पाहिलं, सांडलेल्या ज्वारीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"पप्पा, सुजातला लागलं का?"

सिद्धोधनने तोंडावर हात घेतले. मग तो गाडीतून उतरला, सरळ संघप्रियाकडे गेला आणि तिच्या कडेवरच्या सुजातच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. "मी ऐकलं न्हाई तुझं," एवढंच तो म्हणाला.

पण चूक कळली म्हणून सोय थोडीच होते? अकरा जणांत चार कमी करायचे तर कोणाला? मामाला? ताईला? सिद्धोधनने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी माधवीताईला लावला आणि अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून आवाज चढला, "हे तिनंच शिकवलंय तुला! पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी मला!"

सिद्धोधनचं तोंड उतरलं. तेव्हा धम्मशीलाबाईंनी हात पुढे केला. "दे इकडं फोन."

"माधवी, मी बोलतेय. ऐक. कोणाला काढायचं न्हाई. या पौर्णिमेला कोणीच जायचं न्हाई." त्यांनी आपल्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला, पण आवाज हलू दिला नाही. "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. दोन गाड्या करू, दुसरी बजरंग चालवील, रात्री मुक्काम करत जाऊ. प्रत्येकाला सीट, प्रत्येकाला पट्टा, बाळाला बाळाची खुर्ची. तवर माझे गुडघे राहिले तर राहिले."

"पण आई, तुझी वैशाख पौर्णिमा..." पलीकडून माधवीताई म्हणाली.

"अगं, लुंबिनीत हाय काय? तिथं एक लेकरू जन्मलं, म्हणून सगळं जग तिथं डोकं टेकवायला जातंय. अन् तिथं जाताना आपण आपलीच चार लेकरं मोजायची न्हाईत? कोणत्या तोंडानं हात जोडू मी?"

मग माधवीताईचा आवाज आला, अगदी लहान झालेला.

"आई... बजरंगभाऊला विचार ना. पोरांची कोणकोणती कागदं लागतेत?"

संघप्रियाला तेव्हा पुन्हा रडू आलं. या वेळी ती नळ सोडायला गेली नाही. सर्वांसमोर रडली, आणि सासूबाईंनी तिला जवळ ओढलं.

वाचकहो, परका देश असो की आपलाच परभणीचा रस्ता, गाडीत बसणारा प्रत्येक जीव एक पूर्ण माणूस आहे, मग तो दहा महिन्यांचा का असेना. त्याला त्याची जागा आणि त्याचा पट्टा मिळणार नसेल, तर "जागा नाही" म्हणायची हिंमत करा, एखादी पौर्णिमा चुकवा, दुसरी गाडी करा. रुसलेला पाहुणा आज ना उद्या पुन्हा बोलतो. मांडीवरून निसटलेलं लेकरू मात्र कोणाच्याच हाताला लागत नाही.