परतीची गाडी

कमलाबाई कोकमाच्या साली रसात बुडवून सुपात पसरत होती, तेव्हाच योगिनीने विचारलं, "सोमवारी भागोजी सुटतायत. त्यांना घरी घ्याल?"

कमलाबाईचे हात थांबले नाहीत. पडवीत तिची धाकटी जाऊ सोनूबाई तांदूळ निवडत होती. बांधावरच्या भांडणात, दारूच्या नशेत कमलाबाईच्या नवऱ्याने, भागोजीने, सख्ख्या भावाला ढकललं होतं. जांभ्या दगडावर डोकं आपटून भिवा जागीच गेला. भिवा म्हणजे सोनूबाईचा नवरा. भागोजी तुरुंगात गेल्यापासून दोघी जावांनीच घर आणि शेत ओढलं होतं.

"नाय," कमलाबाई म्हणाली.

योगिनीने आग्रह केला नाही. तुरुंगातून सुटलेल्यांना हात देणाऱ्या संस्थेत ती काम करायची. असे नकार तिने पुष्कळ ऐकले होते.

"रत्नागिरीत आमची खोली आहे. जाळी विणायचं कामही बघितलंय. फक्त फाटकातून बाहेर पडताना समोर घरचं कुणी दिसलं, तर माणूस सावरतो."

ती गेल्यावर सोनूबाईने विचारलं, "माझ्यासाठी नाय म्हणालीस, वयनी?"

"माझ्यासाठी पण."

सोनूबाई निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली.

सोमवारी कमलाबाई कुणाला न सांगता पहिल्या एसटीने निघाली.

भागोजी तुरुंगाच्या फाटकाबाहेर आला. केस पार पिकलेले, खांदे उतरलेले. तिला बघून तो जागीच थबकला.

"घरी न्यायला नाय आले मी," ती म्हणाली. "त्या घरात सोनू राहते."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "ती... बरी हाय?"

"हाय."

त्याची मुडपलेली कॉलर सरळ करायला कमलाबाईचा हात पुढे गेला, आणि सरळ करून झाल्यावर तिने तो पदरात घेतला. त्याला न्यायला आलेल्या योगिनीने रिक्षा थांबवली. आत बसण्याआधी भागोजी वळला आणि त्याने हात जोडले. कमलाबाईला ते बघवेना.

रिक्षा वळणाआड गेली. रस्ता ओलांडून ती एसटीच्या थांब्यावर टेकायला गेली.

बाकावर सोनूबाई बसली होती, फाटकाकडे पाठ करून.

"तू कधी आलीस गो?"

"तुझ्या मागल्या गाडीनं."

"बघितलंस त्यांना?"

"नाय. बघायचंही नव्हतं." सोनूबाईने सरकून जागा केली. "परत जाताना तू एकटी असतीस, म्हणून आले."