पूजेत बसवलेली दुर्बीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटले की तुम्हाला चंद्र आणि तारे आठवत असतील. माझ्या नशिबी तसले काही नव्हते. मी इस्पितळातली जुनी दुर्बीण आहे, सरबत प्यायच्या नळीपेक्षाही बारीक. लहान मुलांच्या लघवीच्या पिशवीतला मुतखडा डॉक्टरांना दाखवायचा, एवढेच माझे काम.

माझा जन्म जर्मनीतला. देशाने परदेशी मालाला दारे उघडली, त्या वर्षांत मी हैदराबादला, हिमायतनगरच्या डॉक्टर श्रीनिवास यांच्या इस्पितळात आले. तोवर तिथे मुलांचे पोट कापूनच खडा काढत. मी मात्र लघवीच्याच वाटेने आत जाई. माझ्या उजेडात डॉक्टर खड्याचा चुरा करत आणि पाण्याने धुऊन बाहेर काढत. टाका नाही की व्रण नाही. पोर लगेच खेळायला लागे. डॉक्टरांनी माझा मोठा फोटो दारावरच्या फलकावर लावला, आणि खरे सांगते, मीही तेव्हा जरा फुगलेच होते.

या कौतुकानेच घात केला. डॉक्टरांच्या आई, सावित्रीबाई, खंडेनवमीला इस्पितळातल्या हत्यारांची पूजा मांडत. पूजेत बसलेले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, असा त्यांच्या घरचा नेम. म्हणून नडीअडचणीला लागतील तेवढे चाकू आणि कात्र्या त्या आधीच बाजूला काढून ठेवत. मी पडले सगळ्यांत महागाची, तेव्हा माझी जागा पाटावर मधोमध. हळदकुंकू काय, झेंडूचा हार काय, सगळा थाट माझाच.

एका खंडेनवमीच्या दुपारी चिक्कडपल्लीचे हणमंतराव आणि जयवंता आपल्या लहानग्या बबलूला घेऊन धावत आले. खडा वाटेतच अडकला होता. सकाळपासून लघवीचा थेंब नव्हता, रबरी नळीही आत सरकेना. पोर तडफडत होते. तारामती सिस्टरनी माझ्याकडे हात नेला.

"उद्या घे. पूजेतलं आज हलत नसतं," सावित्रीबाई म्हणाल्या.

डॉक्टर एवढे शिकलेले, पण आईपुढे त्यांनी मान खाली घातली. बाहेर जाऊन त्यांनी सांगितले, मशीन बिघडले आहे, पोट कापावे लागेल.

हणमंतराव हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमच्या मशीनच्याच भरवशावर आणलं ना हो त्याला."

डॉक्टरांनी बबलूला आत न्यायला सांगितले.

मी धडधाकट होते, मित्रांनो. ओरडून सांगावेसे वाटले, पण मला तोंड कुठे होते? बबलू वाचला. पण जखम चिघळली आणि त्याची दिवाळी इस्पितळाच्या खाटेवरच गेली. डॉक्टरांचे खोटे उघडे पडू नये म्हणून बिघडल्याचा शिक्का मात्र माझ्यावर कायमचा बसला. पुढे नवी दुर्बीण आली आणि मी कपाटात गेले.

वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, वेळेला वापरा. ज्याच्यासाठी आणली त्याच्या कामी ती आली नाही, तर जपून काय करायचे? माझी पूजा मांडणाऱ्यांचा मला राग येतो, अजूनही येतो. जयवंताचा मात्र येत नाही. आत बबलूचे पोट कापत होते तेव्हा ती पूजेसमोर आली. हारात आणि कुंकवात बुडालेल्या मला तिने ओळखलेच नाही. पाटावर डोके टेकून ती मलाच म्हणाली, "देवा, माझ्या लेकराला सांभाळ."

मी पाटावर तशीच पडून होते.