चार शीलं आणि एक

माझे वडील बुधाजी, आमचे आबा, वरळीच्या बीडीडी चाळीत सगळ्यांच्या आधी देव सोडलेला माणूस. छप्पन सालच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले, त्याच आठवड्यात आबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि समुद्रात सोडून आले. आई रडली. "आता हात कुणाला जोडायचे?" असं तिने विचारलं, तर आबा म्हणाले, "जोडायचेच असतील तर माणसाला जोड."

तरीही चाळीतल्या बौद्धांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

त्याचं असं झालं. दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, भंतेजींनी लाखभर माणसांना दीक्षा दिली तेव्हा आम्ही तिघेही तिथे होतो. मी सोळा वर्षांची. भंतेजी एकेक शील सांगायचे, लोक मागून म्हणायचे. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीने वागणार नाही, खोटं बोलणार नाही. ही चार आबांनी मोठ्याने म्हटली. पाचवं दारूचं. तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं.

आबा कापड गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात होते. पाळी सुटली की मागच्या गल्लीत हातभट्टीची नवटाक मारल्याशिवाय ते घरी येत नसत. दारूबंदी होती, पण ती कागदावर. प्यायले की आरडाओरडा नाही, मारहाण नाही; भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पगारातलं जे जायचं ते मात्र जायचंच.

पुढे चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी चिंतामणी घरोघरी नावं लिहायला आले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची उरलेली हँडबिलं शिवून त्यांनी वही केली होती, कोऱ्या बाजूला यादी. आबांनी आईचं आणि माझं नाव लिहायला लावलं.

"आणि तुझं?"

"माझं नको. मी पाचवं म्हटलं नाय."

चिंतामणी हसले. "अरे, सगळेच कुठे पाळतात? म्हणायचं असतं."

"म्हणायचं आणि करायचं नाय, तर चौथं मोडतं."

चिंतामणींनी वही मिटली. त्या दिवसापासून चाळीत आबांना कुणी "अर्धा बौद्ध" म्हणायचं, कुणी चेष्टेने "आमचा शेवटचा हिंदू".

अठ्ठावन्न साली माझं लग्न ठरलं. मुलगा जयवंत, नायगावच्या बीडीडीतला, पोस्टात नोकरीला. लग्न बौद्ध पद्धतीने करायचं ठरलं. आमच्या चाळीतलं तसं ते दुसरंच. सगळं पक्कं झालं आणि जयवंतच्या काकांच्या कानावर आबांची गोष्ट गेली. त्यांनी निरोप पाठवला : मुलीच्या बापाने दीक्षा घेतलेली नाही, मग हे लग्न बौद्ध कसलं?

चिंतामणी संध्याकाळी घरी आले. "बुधाजी, रविवारी भंतेजी येतायत. चार माणसांसमोर पाच शीलं म्हण. पाच मिनिटांचं काम."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी बघू."

आबांनी नकाराची मान हलवली. मला फार राग आला. चिंतामणी गेल्यावर मी आबांना म्हटलं, "माझ्यासाठी एकदा म्हटलंत तर काय बिघडेल? तुमच्या जिभेला एवढं जड झालं?"

"राधा," ते म्हणाले, "देवापुढे मी लई वेळा खोटं बोललो. नारळ फोडायचा, सोडतो म्हणायचं, दुसऱ्या दिवशी परत. देव काय बोलत नव्हता. म्हणून तर तो सोडला. आता इथं पण तेच करू?"

मी रुसून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जयवंतची आई जाईबाई काकांना कसंबसं गप्प करून लग्नाला राजी झाली.

लग्न चाळीच्या मैदानात झालं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत. भंतेजींनी सगळ्यांना उभं केलं आणि पंचशील सुरू केलं. आबा माझ्या मागेच होते, म्हणून मला त्यांचा आवाज चारही वेळा नीट ऐकू आला. पाचव्याला तो आला नाही.

पण त्यांचा एकट्याचाच नव्हे. मैदानात दोनशे माणूस असेल. पाचव्या शीलाला सगळा आवाज पातळ झाला, बायकांचाच काय तो वर राहिला. मी मान वळवून पाहिलं. चिंतामणींचा मोठा भाऊ महादेव, यादीत पहिल्या पानावर असलेला, खाली बघत उभा होता. तो आबांसोबत त्याच गल्लीत बसायचा. त्याच्या पलीकडचे दोघं-तिघंही गप्पच.

काका जाईबाईच्या कानाशी लागले. ती ऐकू जाईल अशीच बोलली, "म्हणणारे मी घरात बघितलेत भावोजी. तुमचे भाऊ सगळं म्हणायचे आणि रात्री पिऊन यायचे. न म्हणणारा हा पहिलाच बघते. पोरीचा बाप चालेल मला."

हार घातले गेले, टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी महादेव भावाकडे जाऊन म्हणाला, "माझं नाव खोड." मग आणखी तिघं गेले. चिंतामणी वैतागले. नावं खोडत बसलो तर बौद्ध उरणार किती? त्यांनी कुणाचंच खोडलं नाही. मात्र दर रविवारी वंदना झाली की ते आबांसकट या पाच-सहा जणांना घेऊन समुद्राच्या कठड्यावर बसू लागले. कुणी न पिता किती दिवस काढले, एवढंच बोलायचे. उपदेश नाही.

आबांनी आधी दीड महिना काढला, मग घसरले. परत चार महिने, परत घसरले. महादेवने मध्येच नाद सोडला आणि गल्लीत परतला. आबा मात्र त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा आबांचे चौदा महिने भरले होते. त्याच मे महिन्यात बुद्धजयंतीला त्यांनी पाचवं शील म्हटलं. मी नायगावला बाळंतीण होते, मला आईने सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हटलं, असं ती म्हणाली.

चिंतामणींनी वही काढली. "दीक्षेची तारीख कुठली घालू? दादरची की आजची?"

"चार तेव्हाची, एक आजची."

"रकाना एकच आहे रे."

"मग समासात लिही," आबा म्हणाले, आणि दुपारच्या पाळीला उशीर होईल म्हणून डबा घेऊन निघाले.