काकू काय म्हणाल्या?

मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर कुणाच्या तोंडाला पाणी सुटले असेल, तर ते आधी आवरा. माझ्यात खायचे काहीही नाही. आकाशातून आलेली चित्रे टीव्हीवर दाखवणारा सेट-टॉप बॉक्स, हे माझे पूर्ण नाव. पण ते म्हणताना जीभ अडखळते, म्हणून या घराने मला पहिल्या दिवसापासून डबाच म्हटले.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून आमच्या पोटात तारा जोडत. माझ्या भावंडांपेक्षा माझ्यात एक गोष्ट जास्त होती. मला कार्यक्रम साठवता येत असत. एकदा आलेले चित्र मी धरून ठेवी आणि बटण दाबले की पुन्हा दाखवी. त्यामुळे खोक्यात बंद होतानाही माझा तोरा काही औरच होता.

या घरी आलो त्या दिवशी डिशची छत्री बसवणारा माणूस गच्चीवरून ओरडत होता, "आलं का?" खिडकीतून काकू ओरडत, "आलं, आलं!" आणि लगेच, "अहो, गेलं!" चित्र नीट येईपर्यंत काकूंचा घसा बसला आणि खालच्या मजल्यावरची बाई काय हरवले आहे ते विचारायला वर आली. काकू इतक्या हसल्या की मला घर आवडूनच गेले.

काका चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत. लोकांना स्वच्छ दिसावे यातच त्यांची हयात गेली. "धूसर असं काही नसतं," ते म्हणत, "भिंग चुकीचं असतं, बस." भाजी निवडतानासुद्धा ते हे ऐकवत आणि काकू म्हणत, "हो, पण आधी ती अळी बघा."

काकू कपडे शिवत आणि गल्लीतल्या बायकांबरोबर गात. एकदा त्या बायकांचे गाणे एका छोट्या वाहिनीवर सकाळच्या कार्यक्रमात लागले. ते मी साठवले. संध्याकाळी दोघे कौतुकाने बघायला बसले, तर काकू दिसेनात! त्या ठेंगण्या, उभ्या केलेल्या मागच्या रांगेत आणि पुढे एक ताडमाड बाई.

"वा, तुझा डावा कान काय सुरेख गातोय," काका म्हणाले. काकूंनी त्यांना उशी फेकून मारली.

पण शेवटी शेवटी त्या उंच बाईच्या हातातला कागद पडला आणि ती उचलायला वाकली. तेवढ्यात काकू दिसल्या. त्या वेळी नुसती पेटी वाजत होती, गाणे थांबले होते. काकूंनी थेट समोर पाहिले, हसल्या आणि त्यांचे ओठ हलले. मग ती बाई उभी राहिली आणि काकू पुन्हा झाकल्या गेल्या.

"काय म्हणालीस गं?" काकांनी विचारले.

"ओळखा. तुम्हालाच म्हणाले."

"गॅस बंद केला का?"

"चुकलं."

त्या दिवसापासून घरात हा खेळच सुरू झाला. जेवताना, कपडे वाळत घालताना, काका मध्येच म्हणत, "किल्ली घेतली का? असंच ना?" काकू मान हलवून नाही म्हणत आणि आपल्या कामाला लागत. सांगून टाकले असते तर खेळ संपला असता, म्हणून त्या सांगत नसत.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्यात काकांनी डॉक्टरांना शंभर शंका विचारल्या, हे मी नंतर त्यांच्या लेकीच्या तोंडून ऐकले. काकूंना उशी उंच हवी का, पाणी हवे का, हे विचारले. ते एक विचारायचे मात्र राहून गेले. काकू घरी परत आल्या नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर रोज दुपारी काका माझ्यासमोर बसत. गाणे लावत, ती उंच बाई वाकली की बटण दाबून चित्र थांबवत आणि पुढे सरकून काकूंच्या ओठांकडे बघत. चित्र धूसर होते. काका आधी चष्मा पुसत, मग टीव्हीची काच पुसत, मग पुन्हा चष्मा पुसत. जसे आले होते तसे मी दाखवत होतो, त्याहून जास्त माझ्याकडे काही नव्हते.

अशात लेक आणि जावई मोठा टीव्ही घेऊन आले. बाबा एकटे असतात, त्यांनी निदान नीट बघावे, ही लेकीची मनापासूनची इच्छा. आता एचडी चित्रासाठी कोणत्या कंपनीची छत्री घ्यायची, यावर चहा गार होईपर्यंत खल चालला. एका कंपनीकडे एचडी वाहिन्या भरपूर, पण आभाळ भरून आले की चित्र गायब. दुसरीचे चित्र टिकते, पण तक्रारीला फोन लावला तर कुणी उचलत नाही. जावयांना सामने हवे होते. लेक म्हणत होती, "बघणार बाबा आहेत, तुम्ही नाही." काका चष्मा पुसत लक्ष देऊन ऐकत होते. एरवी त्यांचे उत्तर ठरलेले असे, तुम्हाला हवं ते करा.

शेवटी तिघे दुकानात जाऊन आले. तिथे काय घडले ते लेकीने घरी येऊन हसत हसत सांगितले. काकांनी प्रत्येक कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न विचारला होता, "माणसांचे चेहरे स्वच्छ दिसतात का?" एकाने उत्साहाने सांगितले, "काका, ओठ हललेले वाचता येतील!" काका लगेच म्हणाले, "हीच घ्या."

लेकीला ते मजेचे वाटले. मला मात्र खरे कारण कळले. काकांना हवे असलेले भिंग सापडले होते, निदान त्यांना तसे वाटत होते. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते की काका, हे भिंग माझ्या आतल्या चित्राला लागत नाही.

लेक कामाला चोख. तिने फोन करून जुने कनेक्शन बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी माणूस आला, माझ्या तारा काढल्या आणि माझ्या जागी एक चपटा, चकचकीत डबा ठेवला. चित्र खरोखर सुरेख होते. पानावरचा थेंबसुद्धा दिसत होता. काका घाईघाईने चष्मा पुसून बसले.

"आता हिचं गाणं लाव," ते म्हणाले.

"कुठलं गाणं, काका?"

"हिचं. जुन्यात होतं ते."

तो माणूस बिचारा भला होता. चाचरत म्हणाला, "काका, जुन्या डब्यातलं नव्यात येत नाही. आणि कनेक्शन बंद झालं की जुन्यात असलेलंही उघडत नाही."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ते घरात असतं," काका म्हणाले. "डब्यात असतं हे मला काय माहीत?"

लेकीने जुन्या कंपनीला फोनवर फोन केले, रडून विनवले. नवे कनेक्शन मिळेल, पण जुने साठवलेले त्यावर उघडणार नाही, एवढेच उत्तर मिळाले. ती छोटी वाहिनी केव्हाच बंद पडली होती. लेक त्या उंच बाईकडेही जाऊन आली. ती म्हणाली, "अगं, ती माझ्या मागे होती, मला कसं कळणार?"

मला भंगारात द्यायचे ठरले होते, पण काकांनी दिले नाही. आता मी त्यांच्या पलंगाशेजारच्या फळीवर असतो. काकू अजून माझ्या पोटात आहेत, हसताहेत, काहीतरी म्हणताहेत, आणि मला त्यांना बाहेर काढता येत नाही. हे दुःख मी कुणाला सांगू?

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर घ्या, हौसेने घ्या. फक्त जुन्या वस्तूची तार काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ क्षणभर बसा आणि विचारा, यात तुमचं काही आहे का? ते आपणहून सांगणार नाहीत.

नवा टीव्ही बहुतेक बंदच असतो. दुपारी काका रुमालाने माझ्यावरची धूळ पुसतात आणि हळूच विचारतात, "जेवलात का? असंच म्हणालीस ना गं?" मग ते थोडा वेळ वाट बघतात. चुकलं म्हणायला आता कुणी नाही.