कंपनीचं बिऱ्हाड

माणसाचं बिऱ्हाड हलतं तेव्हा भांडीकुंडी हलतात. गेर्लिंडे त्रेंक्लेच्या कंपनीचं बिऱ्हाड हललं तेव्हा हलली ती एकटी गेर्लिंडे. ब्रशांचा कारखाना, चाळीस कामगार, घोड्याच्या केसांचे गठ्ठे, सगळं जर्मनीच्या डोंगरात, आमच्या गावात जागच्या जागी. आणि मालकीणबाई इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, एका न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.

कारण एगोन शेर्ब. ब्रशांच्या मुठींचं लाकूड त्याचं. कारखाना बुडायला आला तेव्हा बाकीचे घेणेकरी थांबायला तयार झाले, एगोन तेवढा अडून बसला. आमच्याकडच्या तेव्हाच्या कायद्यात एक जण आडवा पडला तरी गाडं अडायचं. इंग्लंडात बहुतेकांनी मान डोलावली की उरलेल्याची मान कोर्ट डोलावून देतं. अट एकच: कंपनीचं खरं घर तिथं हवं, कारभार तिथूनच चालायला हवा. वकीलबाई हॉलिस यांनी बजावलं होतं, गावाकडे गेलात तर धंद्याचं अवाक्षर काढू नका, एगोनची माणसं टपून बसलीत.

हिवाळा तिनं कसाबसा काढला. पण फास्नेटचा सण आला आणि तिचा पाय ठरेना. फास्नेटात गाव लाकडी मुखवटे चढवतं, बारीक आवाज काढून ज्याची त्याची वर्षभराची उणीदुणी चौकात मांडतं. आत कोण आहे हे विचारायचं नाही, मुखवटा रस्त्यात काढायचा नाही, आणि मुखवट्याला सगळे अरेतुरेच. याहून चांगला आडोसा कुठला, असं तिला वाटलं. असली अक्कल आमच्याच गावच्या माणसाला सुचते.

चेटकिणीचा मुखवटा चढवून, हातात झाडू घेऊन ती गावात आली, तर चौकात एगोन सॉसेज खात उभा होता. तिला राहवलं नाही. झाडूनं त्याचे केस विंचरत तिनं चिरका आवाज लावला, "काय रे, लाकूड विकून विकून डोकंही लाकडाचं झालं का?"

लोक हसले. एगोनही हसला. मग मुखवट्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "खरं सांगू का गं तुला? गेर्लिंडे एकदा माझ्या दारात आली असती ना, वकिलाला न घेता, तर मी नाही म्हटलं नसतं. तीस वर्षं लाकूड दिलंय तिला. तिनं मला नोटीस धाडली."

लाकडाच्या आत तिचाच श्वास तिच्या तोंडावर येत होता. हा कुणा परक्या मुखवट्यापाशी मन मोकळं करत होता, की तिला ओळखून जाळं टाकत होता? मुखवटा वर करून एक शब्द बोलली तर कदाचित उद्यापासून घरी. किंवा खटला गेला, आणि चाळीस चुली विझल्या.

"मग जा की तिच्याकडे," ती चिरक्या आवाजातच म्हणाली.

"मी का जाऊ? घर सोडून ती गेलीय."

तो मुखवट्याच्या भोकांत बघत राहिला. तिनं रीतीप्रमाणे त्याच्या कॉलरमध्ये पेंढा कोंबला आणि गर्दीत शिरली.

सुनावणीत एगोनच्या वकिलानं काय काय काढलं. फास्नेटचा मात्र उल्लेख नाही. कोर्टानं देणी हप्त्यांनी फेडायची योजना मंजूर केली. हॉलिसबाईंनी तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि आठवण करून दिली की योजनेच्या अटीप्रमाणे, हप्ते फिटेपर्यंत कारभार इथूनच. पाच वर्षं. "सवय होईल हो," त्या म्हणाल्या.

खोलीवर येऊन तिनं आलॉइसला फोन लावला. तो कारखान्याचा जुना फोरमन. निकाल ऐकून त्यानं तो मागे ओरडून सांगितला, टाळ्या झाल्या, त्या तिनं फोनवर ऐकल्या.

"अजून एक, मालकीणबाई. एगोनची गाडी दारात उभी आहे, लाकूड भरून. सकाळीच आली, निकालाच्या आधी. सवडीनं द्या म्हणतो पैसे."

खाली न्हाव्याचं यंत्र घुरघुरत होतं.

"मालकीणबाई? काय करू?"

"उतरवून घ्या," ती म्हणाली. बर्मिंगहॅममधून हे म्हणायला कायद्याची काही हरकत नव्हती.