शंखफोड्यांचा वास

ओझेलाने हात वर करताच लेथनने मोटर बंद केली. होडी कमळाच्या पानांत शिरून थांबली. ओझेलाने हातातली काठी पाण्यात सोडली, डोळे मिटले, मान ताणली आणि दोन-तीनदा हुंगलं.

"आला," ती म्हणाली. "पिकल्या कलिंगडासारखा. इथंच घरटी केलीत शंखफोड्यांनी."

कल्ल्याशी लाल कड असलेले हे मासे वसंतात उथळ तळाला खड्डे करून अंडी घालतात आणि गोगलगायी फोडून खातात. त्यांची जागा वासावरून ओळखायची, हे जॉर्जियातल्या या तळ्यावर शेंबडं पोरही सांगेल. लेथनला मात्र साठी उलटली तरी तो वास कधी आला नव्हता. लाजेखातर तो दर वेळी मान डोलवायचा. पण पुढच्या आठवड्यात ओझेलाताई कायमची मुलीकडे अटलांटाला निघाली होती. आज शिकलो नाही तर जन्मात शिकणार नाही, या धास्तीने तो होडीच्या काठावरून वाकून जीव खाऊन हुंगू लागला, आणि त्याला ठसकाच लागला.

"ताई, अगं पेट्रोलचा डबा कलंडलाय! बूट भिजले माझे. एवढ्या भपकाऱ्यात तुला कलिंगड कुठून आलं?"

ओझेलाने हसू दाबत आपली बांबूची काठी त्याच्या हातात दिली.

"तळाला टेकव. फिरव जरा."

काठी चिखलात रुतली नाही. टोकाखाली काहीतरी कुरकुरलं आणि ती कुरकुर थेट तळहातापर्यंत आली.

"फुटके शंख," ती म्हणाली. "जेवतात तिथंच राहतात मेले. वासाची पुडी आईनं सोडलेली. सगळे नाक वर करून बसले, की तिच्या हातातल्या काठीकडे कोण बघतंय?"

"आणि मी जन्मभर मान डोलवतोय! मला तरी सांगायचंस."

"तुला कसं सांगणार? तू मान डोलवलीस की लोकांना खरं वाटायचं."

लेथनला आधी राग आला, मग हसू आवरेना. त्याने गळाला गांडूळ लावून दोरी सोडली. बघता बघता पंज्याएवढा मासा वर आला.

तेवढ्यात शेजारच्या मर्विनची होडी जवळ आली.

"काय लेथन, लागला वाटतं पत्ता?"

लेथनने ताईकडे पाहिलं. ती गांडुळांच्या डब्यात डोकं घालून बसली होती.

"पलीकडे त्या झाडाच्या बुडाशी बघ," लेथन म्हणाला. "इथवर वास येतोय. तुला नाही येत?"

मर्विनने नाक वर करून छाती भरून श्वास घेतला.

"येतोय की! मघापासून येतोय," तो म्हणाला आणि घाईघाईने तिकडे वल्हवत निघाला.